360 विरुद्ध 276 : ब्यूकच्या दोन गाड्या आणि एक चुकलेली वजाबाकी

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्यूक कंपनीच्या दोन जुन्या अमेरिकन गाड्यांवर पानभर लेख आला. एक 1970 ची जीएसएक्स, दुसरी 1987 ची जीएनएक्स. मराठी वृत्तपत्रात या दोघींना एवढी जागा मिळालेली पाहून मला मनापासून आनंद झाला. पण लेखातला तक्ता आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

तक्त्यात जीएसएक्सपुढे 360 हॉर्सपॉवर आहे, जीएनएक्सपुढे 276. लेखकाने त्यांची सरळ वजाबाकी केली आणि सतरा वर्षांत ब्यूकने 84 हॉर्सपॉवर गमावली असे लिहिले. पुढे जीएनएक्सला 'नावापुरती मसल कार' (मसल कार म्हणजे जबर ताकदीच्या इंजिनाची गाडी) ठरवून टाकले. दोन्ही आकडे कंपनीनेच जाहीर केलेले आहेत, त्यामुळे आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. ते दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेले आहेत. त्यामुळे त्यांची वजाबाकीच करता येत नाही.

माझी नोकरी मिशिगनमध्ये इंजिन-चाचणीत गेली. इंजिन डायनोवर, म्हणजे त्याची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायचे, पूर्ण थ्रॉटलला धरायचे, आलेखावर टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या फिरवणाऱ्या जोराची, रेघ कशी चढते आणि कुठे वाकते ते बघायचे, हेच माझे काम. म्हणून हा फरक जरा सविस्तर सांगते.

1971 पर्यंत अमेरिकेत जाहिरातीत छापायची हॉर्सपॉवर 'ग्रॉस' असे. उघडे इंजिन चाचणीच्या स्टँडवर ठेवायचे. एअर क्लीनर नाही, गाडीचा खरा एक्झॉस्ट आणि सायलेन्सर नाही, पंख्याचा आणि अल्टरनेटरचा भार नाही. इग्निशन टायमिंग आणि इंधनाचे प्रमाण सर्वांत चांगला आकडा मिळेल असे लावायचे. गाडीत बसवल्यावर त्या इंजिनाला जे काही ओढावे लागते, श्वास घ्यायला जेवढी अडचण होते, ते सगळे या मोजणीतून वगळलेले. 1972 पासून सगळ्या अमेरिकन कंपन्या 'नेट' आकडा देऊ लागल्या. त्यात गाडीतला एअर क्लीनर, गाडीतलाच एक्झॉस्ट, गाडीतले भार आणि कारखान्यातून आलेली सेटिंग धरलेली असते.

या बदलाने आकडा किती घसरतो हे ब्यूकच्याच इंजिनावर दिसते. जीएसएक्समध्ये मिळणाऱ्या 455 घनइंची इंजिनाच्या जोरदार आवृत्तीचा, 'स्टेज 1' चा, 1971 चा ग्रॉस आकडा 345 होता. 1972 मध्ये कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) तोच, 8.5, आणि इंजिनही जवळजवळ तेच, पण नेट आकडा 270. म्हणजे पंचाहत्तर हॉर्सपॉवर मोजण्याच्या पद्धतीतच गेली, इंजिन होते तसेच राहिले. जीएनएक्सचे 276 हे नेट आहेत. लेखकाने तिच्याशेजारी 1972 च्या स्टेज 1 चा आकडा ठेवला असता, तर टर्बोवाले (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने जादा हवा आत दाबणारे) छोटे सहा सिलिंडरचे इंजिन सहा हॉर्सपॉवरने पुढे दिसले असते.

1972 चे इंजिन कमी कॉम्प्रेशनचे होते आणि 1970 चे त्याहून जोरदार होते, हे मी विसरलेले नाही. उलट जीएसएक्सच्या बाजूनेही मला बोलायचे आहे, कारण तो 360 चा आकडाही पूर्ण खरा नव्हता. 1970 मध्ये साध्या 455 चा जाहीर आकडा 350 होता आणि स्टेज 1 चा 360. स्टेज 1 मध्ये व्हॉल्व्ह मोठे होते, कॅमशाफ्ट वेगळा होता, कॉम्प्रेशन वाढवलेले होते, कार्ब्युरेटरही बदलून लावलेला होता. एवढे सगळे करून फक्त दहा हॉर्सपॉवर मिळाली, असे ज्याने कधी इंजिनाच्या हेडला हात लावला आहे तो मान्य करणार नाही. त्या काळी विमा कंपन्या ताकदवान गाड्यांवर, विशेषतः तरुण मालकांकडून, जबर हप्ते घेत. जाहीर आकडा मुद्दाम खाली ठेवण्यात सगळ्याच कंपन्यांचा फायदा होता. माझा अंदाज विचाराल तर 1970 च्या स्टेज 1 चा नेट आकडा तीनशेच्या आसपास आला असता. आणि जीएनएक्सचे 276 सुद्धा हात राखून सांगितलेले होते, असे तिच्यावर काम करणारे बहुतेक जण मानतात. म्हणजे सगळे हिशेब नीट केले तर दोघी अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात.

रस्त्यावरचे आकडेही हेच सांगतात. 1970 च्या सुरुवातीला 'मोटर ट्रेंड' मासिकाने स्टेज 1 बसवलेल्या जीएस 455 ची, म्हणजे जीएसएक्सच्या मूळ मॉडेलची, चाचणी घेतली. पाव मैल 13.38 सेकंदांत, शेवटी वेग ताशी 105.5 मैल. 1987 मध्ये 'कार अँड ड्रायव्हर'ने जीएनएक्सची चाचणी घेतली. पाव मैल साडेतेरा सेकंदांत, वेग ताशी 102 मैल, आणि थांबलेल्या स्थितीतून ताशी 60 मैल 4.7 सेकंदांत. पहिली गाडी जीएसएक्स नव्हे तर त्याच इंजिनाची जीएस होती, चालक वेगळे, पट्टी वेगळी, टायरमध्ये तर जमीन-अस्मानाचा फरक. तरी पाव मैलात अंतर सेकंदाच्या एका लहान अंशाचे. 7.5 लिटरच्या आठ सिलिंडरने जे केले ते 3.8 लिटरच्या सहा सिलिंडरने करून दाखवले, तेही शिसे नसलेल्या पेट्रोलवर आणि धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावून. याला घसरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता लेखात ज्याचा साधा उल्लेखही नाही ती गोष्ट सांगते. ही तुलना मला एवढी जिव्हाळ्याची का वाटते ते त्यातून कळेल.

ब्यूकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, साठच्या दशकात एक अंतर्गत नियम होता, मध्यम आकाराच्या गाडीत 400 घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. 1970 च्या मॉडेलसाठी तो उठवला आणि शेव्हरोलेने 454 काढले, ओल्ड्समोबिल, पॉन्टिअ‍ॅक आणि ब्यूकने प्रत्येकी आपापले 455. ब्यूकचे 455 हे पातळ भिंतींच्या ओतकामामुळे त्या सगळ्यांत हलके समजले जाई, आणि त्याचा टॉर्क 2,800 आरपीएमलाच 510 पौंड-फूट. जीएसएक्स हा जीएस 455 वरचा सुमारे 1,200 डॉलरचा पॅकेज होता: मागे स्पॉयलर, बोनेटवर बसवलेला टॅकोमीटर, अंगभर काळे पट्टे, आणि फक्त दोनच रंग. त्या वर्षी 678 गाड्या झाल्या, 491 पिवळ्या आणि 187 पांढऱ्या. सगळ्यांत स्टेज 1 नव्हते हेही तक्त्यात यायला हवे होते.

लगेच पुढच्या वर्षी वारे फिरले. जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी 1971 पासून सगळी इंजिने कमी ऑक्टेनच्या, शिसे नसलेल्या पेट्रोलवर चालली पाहिजेत असे ठरवले, कारण पुढे येणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतात. कॉम्प्रेशन खाली आले. विम्याचा हप्ता होताच. 1971 मध्ये जीएसएक्स 124 झाल्या, 1972 मध्ये 44, आणि नाव संपले.

जीएनएक्सचे इंजिन मात्र त्याच्याही आधीचे, 1962 च्या ब्यूक स्पेशलचे. तेव्हा 198 घनइंचांचे. सहा सिलिंडर, पण दोन रांगांमधला कोन 90 अंशांचा, कारण ते आठ सिलिंडरच्या यंत्रांवरच तयार करायचे होते. त्या कोनामुळे त्याचे स्फोट समान अंतराने होत नसत, कधी 90 अंशांवर, कधी 150 वर, आणि आयडलला इंजिन थरथरे. काही वर्षांनी ब्यूकला ते नकोसे झाले. 1967 मध्ये त्याची सगळी यंत्रसामग्री कैसर-जीपला विकून टाकली. पुढे जीप अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि यंत्रेही तिकडेच गेली.

मग ऑक्टोबर 1973 उजाडला. अरब देशांनी तेल रोखले, पंपांवर रांगा लागल्या, आणि ब्यूककडे विकायला बहुतेक मोठ्याच गाड्या. 1974 मध्ये कंपनीने आपलीच जुनी यंत्रसामग्री अमेरिकन मोटर्सकडून परत विकत घेतली. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरातल्या ब्यूकच्या कारखान्यात त्या यंत्रांचे पाये तसेच शिल्लक होते. यंत्रे आपल्या जुन्या जागी जाऊन बसली आणि 231 घनइंचांचे सहा सिलिंडर 1975 च्या गाड्यांत लागू झाले. मी फ्लिंटच्या जवळ राहिले, तिथल्या जुन्या कामगारांशी बोलले, आणि हा भाग ते कसे सांगतात ते ऐकले आहे. एकेकाचा चेहरा उजळतो.

थरथर घालवण्यासाठी 1977 मध्ये क्रँकशाफ्टच्या पिना 30 अंशांनी सरकवल्या आणि स्फोट समान अंतरावर आले. टर्बोचा विचार तर त्याआधीच सुरू झाला होता. ब्यूकच्या अभियंत्यांनी मार्गदर्शन केलेल्या स्काउटच्या मुलांनी या इंजिनाला टर्बो बसवून दाखवला, आणि 1976 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत टर्बो लावलेली ब्यूक सेंच्युरी पेस कार म्हणून पुढे धावली. 1978 मध्ये तोच विचार विक्रीच्या गाडीत आला, कार्ब्युरेटरवर चालणारा टर्बो, 165 हॉर्सपॉवर. 1984 मध्ये प्रत्येक सिलिंडरला क्रमाने इंधन देणारे इंजेक्शन आले आणि आकडा 200 झाला. 1986 मध्ये इंटरकूलर, 235. 1987 मध्ये 245, त्या वर्षीच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारपेक्षा पाच जास्त. हे सगळे नेट आकडे आहेत, म्हणून यांची वजाबाकी खुशाल करावी.

टर्बो इंजिनाचा खरा शत्रू उष्णता. हवा दाबली की तापते, तापलेल्या हवेत मिश्रण वेळेआधी पेटते, नॉकिंग होते आणि पिस्टन फुटतात. त्याला सर्वांत साधा उपाय म्हणजे दाब कमी ठेवायचा. ब्यूकने नॉकचा आवाज ओळखणारा सेन्सर लावला, तो आवाज आला की संगणक टायमिंग मागे घेई. मग हवा थंड करायला इंटरकूलर दिला, त्यामुळे दाब वाढवता आला. मी डायनोवर अशी इंजिने चालवली आहेत. नॉकच्या काठावर इंजिन धरून ठेवणे किती नाजूक काम आहे ते मला ठाऊक आहे, आणि रस्त्यावरच्या गाडीत, कुठल्याही हवामानात, कुठल्याही चालकाच्या हाती ते विश्वासाने धरून दाखवणे ही माझ्या लेखी त्या दशकातली अमेरिकन इंजिन-विद्येची मोठी कामगिरी आहे. लेखकाने 'इलेक्ट्रॉनिक्सच्या कुबड्या' असे जे लिहिले आहे ते मला फार लागले. त्या कुबड्या नाहीत. त्या नसत्या तर ते इंजिन घडलेच नसते.

जीएनएक्स ही त्याच्यावरची शेवटची पायरी. मागच्या चाकांवर चालणारे रीगल हे मॉडेल, ज्याची टर्बोवाली आवृत्ती म्हणजे ग्रँड नॅशनल, बंद होणार हे ठरले होते, तेव्हा ब्यूकने गाड्यांत फेरबदल करणाऱ्या एएससी आणि मॅक्लारेन या कंपन्यांना सोबत घेऊन 547 गाड्या बनवून घेतल्या. पॉन्टिअ‍ॅक गावच्या कारखान्यातून आलेल्या ग्रँड नॅशनल गाड्या मिशिगनमध्येच लिव्होनियाला नेऊन बदलल्या. टर्बोत सिरॅमिकचे हलके चाक, मोठा इंटरकूलर, नवी चिप, मोकळा एक्झॉस्ट. मागच्या अ‍ॅक्सलला धरणारा एक लांब दांडा आणि आडवा पॅनहार्ड रॉड. त्या दांड्याने फरक असा पडला की जोरात सुटताना गाडीचे बूड खाली बसत नाही, थोडे वर उठते, आणि टायर जमिनीवर दाबले जातात. टॉर्क 3,000 आरपीएमला 360 पौंड-फूट. किंमत 29,000 डॉलरच्या पुढे, कॉर्व्हेटपेक्षाही जास्त.

इथे छायाचित्राबद्दलही सांगायला हवे. 'जीएनएक्स' म्हणून आपण छापलेली गाडी साधी ग्रँड नॅशनल आहे. चित्रात चाके क्रोम-काळी, पंधरा इंची आहेत. जीएनएक्सची चाके सोळा इंची, काळ्या जाळीची असतात. पुढच्या चाकांच्या मागे पत्र्यात हवा बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या असतात आणि चारही चाकांवर रुंद कडा बसवलेल्या असतात. यांपैकी काहीच चित्रातल्या गाडीवर नाही. हे ओळखणे मला सोपे गेले, कारण तशीच 1987 ची ग्रँड नॅशनल आमच्या गॅरेजमध्ये आहे. मी आणि माझ्या यजमानांनी ती जुनी घेतली, दोघांनी मिळून तिचे हेड गॅस्केट बदलले, आणि ती आजही चालते. माझा कल कुठे आहे हे वाचकांना त्यावरून कळेलच.

पण जीएसएक्सच्या कुळाबद्दल माझ्या मनात जराही कमी आदर नाही. टेस्ट सेलमधल्या माझ्या वरिष्ठांकडे पांढरी जीएस स्टेज 1 होती. एका ऑगस्टमध्ये त्यांनी मला शेजारी बसवून वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर नेले. तिथे दर वर्षी त्या महिन्यात जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. सिग्नल हिरवा झाला, त्यांनी पाय अर्धाच दाबला असेल. इंजिनाचा आवाज फारसा चढलाही नाही, पण माझी पाठ आसनात रुतली. 510 पौंड-फूट हा आकडा मी कितीदा लिहिला होता, त्याचा अर्थ त्या दिवशी अंगाला कळला. तो टॉर्क वाट बघायला लावत नाही. आमच्या ग्रँड नॅशनलला मात्र ब्रेकवर पाय ठेवून आधी टर्बोचा दाब चढवावा लागतो. तसे न करता सोडली तर पहिला क्षण साध्या रीगलसारखाच जातो, मग दाब येतो आणि रस्ता एकदम जवळ येऊ लागतो. ज्यांना पायाखाली ताबडतोब उत्तर हवे त्यांनी जीएसएक्सच्या बाजूने बोलावे, आणि ते बरोबरच बोलतील. वळणांवर आणि थांबताना दोघींनीही फार अपेक्षा पुऱ्या केल्या नाहीत, दोघींना मागे ड्रमब्रेकच होते.

तरीही निवड करायचीच तर मी जीएनएक्सला मत देईन, आणि कारण वेगाचे नाही. 1970 मध्ये ब्यूककडे सगळे होते, स्वस्त पेट्रोल, मोकळे नियम, वाट्टेल तेवढे घनइंच. त्यांनी त्यातून सुंदर गाडी केली. 1987 च्या गाडीमागे विकून परत आणलेले इंजिन होते, तेलाचा तुटवडा होता, धुराचे नियम होते, आणि दहा-बारा वर्षे एकाच इंजिनावर चिकाटीने काम करणारी माणसे होती. पाव मैलाला दोघी एकाच वेळी पोचतात, पण दुसरीला तिथवर यायला खूप लांबचा रस्ता पडला.

शेवटची ग्रँड नॅशनल 11 डिसेंबर 1987 ला कारखान्याबाहेर आली. त्यानंतर मागच्या चाकांवर चालणारे, टर्बो लावलेले रीगल झाले नाही. ज्या फ्लिंटमधून ही दोन्ही इंजिने आली तिथला 'ब्यूक सिटी' कारखाना 1999 मध्ये बंद झाला. आता त्या इंजिनांबद्दल लोकांना जे कळेल ते छापलेल्या कागदावरूनच कळणार, म्हणून त्या कागदावरचा आकडा बरोबर असावा अशी माझी कळकळ आहे.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पुढच्या रविवारी छायाचित्राची दुरुस्ती छापावी. आणि तक्ता पुन्हा छापलात तर 360 च्या पुढे 'ग्रॉस' आणि 276 च्या पुढे 'नेट' असे लिहावे, शेजारी पाव मैलाच्या दोन्ही वेळा द्याव्यात. पुरवणीत पुढे कधी 1971 च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अमेरिकन गाड्या एका पानावर आणाल, तेव्हाही एवढे पाहावे. लेखकांना हव्या असतील तर जीएनएक्सची ओळखण्याजोगी छायाचित्रे मी आनंदाने पाठवीन.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त इंजिन-चाचणी अभियंता
मिशिगन, अमेरिका